मालवण-तारकर्ली झालं, आता कुठे? वेंगुर्ल्यात चार रात्री राहा

ठाण्याच्या एका ताईंनी विचारलं आहे: डिसेंबरात पाच दिवसांची रजा आहे. सोबत नवरा, चित्रकलेचं वेड असलेली 11 वर्षांची मुलगी आणि गुडघे दुखणाऱ्या सत्तरीच्या सासूबाई. गणपतीपुळे, मालवण, तारकर्ली दोन-दोनदा झालं. गर्दी नको, स्कूबा नको. घरचं मासळीचं जेवण, हातानं वस्तू घडवणारी माणसं आणि शांत समुद्र एवढंच हवं आहे. कोकणातलं फारसं कुणी जात नाही असं गाव कुठलं?

ताई, माझं उत्तर वेंगुर्ला. पण एक अट घालते: चारही रात्री एकाच घरात काढा. मी गेली 16 वर्षं दक्षिण सिंधुदुर्गात लहान गटांना घेऊन फिरते. पाच दिवसांत आठ गावं करणारी माणसं दमून घरी जातात, किनारे सगळे पाहून होतात आणि बोलणं मात्र कुणाशीच झालेलं नसतं. तुम्हाला जे हवं आहे त्याला इथे एक दिवस आधी सांगावं लागतं. सकाळी होडीला काय लागलं त्यावर दुपारचं जेवण ठरतं. खापरोळीचं, म्हणजे जाड जाळीदार घावनाचं, पीठ रात्रीच भिजवून आंबवावं लागतं. पहिल्या दिवशी मासेवालीच्या दृष्टीनं तुम्ही कुणीतरी मुंबईकर असता. तिसऱ्या दिवशी ती तुमच्यासाठी मुडदुशांचा वाटा टोपलीखाली झाकून ठेवते. रोज बॅग भरून पुढच्या गावाला निघालात तर तो तिसरा दिवस येतच नाही.

शिवाय वेंगुर्ला मध्यावर आहे. सावंतवाडी आणि कुडाळ प्रत्येकी साधारण 25 किलोमीटर, शिरोडा त्याहून थोडं जवळ, निवतीही तेवढ्याच टप्प्यात. कुठेही गेलात तरी संध्याकाळी परत त्याच ओसरीवर.

येण्याचं थोडक्यात सांगते. ठाण्याहून कोकणकन्या, मांडवी किंवा तुतारी, आणि उतरायचं कुडाळला. सावंतवाडी रोड स्टेशन शहराबाहेर मळगावला आहे, तिथूनही चालेल, पण कुडाळहून वाहन सहज मिळतं. आरक्षण 60 दिवस आधी सुरू होतं आणि डिसेंबरातलं लगेच संपतं, तेव्हा तारीख चुकवू नका. 24 डिसेंबर ते 2 जानेवारी हा काळ मात्र टाळा. त्या आठ-दहा दिवसांत गोव्याची गर्दी शिरोड्यापर्यंत वर सरकते. डिसेंबरचा पहिला पंधरवडा सगळ्यात चांगला.

राहायला समुद्राला लागूनच हवं असा हट्ट धरू नका. गावात किंवा दाभोली, उभादांडा बाजूला माडा-पोफळींत घरगुती राहण्याची सोय मिळते. सासूबाईंसाठी तीन गोष्टी फोनवरच विचारून घ्या: खोली तळमजल्यावर आहे का, संडास कमोडचा आहे का, आणि खोलीपासून जेवणाच्या जागेपर्यंत पायऱ्या किती. इथली जुनी घरं उंच जोत्यावर असतात. आठ-दहा जांभ्याच्या पायऱ्या चढल्याशिवाय ओटीवर पाय पडत नाही, आणि त्या रोज चार वेळा चढाव्या लागल्या तर गुडघे दुसऱ्याच दिवशी बोलायला लागतात.

पहिली सकाळ गावासाठी ठेवा. वेंगुर्ला हे जुनं बंदर. 17 व्या शतकात डचांनी इथे वखार घातली आणि इथून गोव्यातल्या पोर्तुगिजांवर नजर ठेवली. त्या वखारीचे भग्न अवशेष गावातच आहेत. जांभ्याच्या जाड भिंती, त्यांत रुजलेली झाडं. आत फार पाहण्यासारखं उरलेलं नाही, पण भिंतीची जाडी पाहिलीत की व्यापाराला इतका बंदोबस्त का लागत होता ते मुलीला न सांगता कळेल. तिथून बंदरावर जा. टेकडीच्या पायथ्याशी जेटी आहे, बाजूला मच्छीमारांच्या होड्या. ऊन चढायच्या आत गेलात तर जाळी शिवत बसलेली माणसं दिसतील. त्यांच्याशी बोला, पण आधी बोला आणि मग फोटोचं विचारा.

बाजारात गेलात की एक गोष्ट लक्षात येईल, ती म्हणजे स्वच्छता. कचरा वर्गवार वेगळा करून त्याची गावातच विल्हेवाट लावण्याच्या कामात इथल्या नगरपरिषदेनं राज्यभर नाव मिळवलं. जिथे कचऱ्याचे ढीग होते ती जागा आज लोक मुद्दाम पाहायला येतात. तुम्हीही पाण्याच्या बाटल्या विकत घेत फिरू नका. घरून दोन मोठ्या बाटल्या आणा, विहिरीचं उकळलेलं पाणी कुठल्याही घरी भरून देतात.

आता मासळी. ठाण्या-मुंबईची माणसं इथे येऊन सुरमई आणि पापलेटच मागतात, आणि त्याचं मला फार वाईट वाटतं. ती तुम्हाला ठाण्यातही मिळते. इथे मागायचं ते हे: बांगडे, पेडवे, तारल्या, मुडदुशे, सौंदाळे, लेपो, सुंगटं, आणि खाडीतल्या तिसऱ्या. हे मासे लवकर नरमतात, दूर पाठवण्यात त्यांची चव जाते, म्हणून ते ज्या गावात उतरतात त्याच गावात खावेत. डिसेंबरात बांगडा चांगला मिळतो. टोपलीतला बांगडा उचलून आडवा धरा. ताजा असेल तर ताठ राहतो, शेपटी खाली लोंबत नाही. कल्ला उचलून पाहा, लाल हवा. डोळा फुगीर आणि काचेसारखा हवा. डोळा पांढुरका होऊन आत गेलेला असेल तर तो बर्फातला.

दर वाट्यावर असतो. आधी तुम्हाला “खंयसून इलात?”, म्हणजे कुठून आलात, असं विचारतील. खरं उत्तर द्या, थोडं बोला, मग दर विचारा. घासाघीस थोडी चालते, पण दहा-वीस रुपयांसाठी टोपली सोडून पुढे गेलात आणि फिरून परत आलात तर त्या बाईंच्या मनातून उतरता.

सोमवारी आणि गुरुवारी बऱ्याच घरांत मासे शिजत नाहीत, आणि डिसेंबरात मार्गशीर्ष आला तर गुरुवारचं व्रत घरोघरी असतं. हे दिवस फुकट गेले असं समजू नका. त्या दिवशी घावणे आणि काळ्या वाटाण्याचं सांबारं मागा, कुळथाची पिठी आणि उकड्या तांदळाचा भात मागा, सोबत करांदे उकडून मागा. करांदे हा या दिवसांत निघणारा वेलीवरचा कंद. कडवट, पिठूळ, चहाबरोबर उत्तम लागतो, आणि हॉटेलच्या पाटीवर तो तुम्हाला कधीच दिसणार नाही. नवा तांदूळ नुकताच घरात आलेला असतो, त्यामुळे पेजेलाही वेगळी गोडी असते. सासूबाईंना रात्री हलकं हवं असेल तर पेज, सोबत सुक्या बांगड्याचा भाजलेला तुकडा किंवा लोणचं. एवढं कुठलीही यजमानीण आनंदानं देईल.

बांगड्याचं तिखलं जरूर मागा. त्यात ओलं खोबरं नसतं. मिरची, हळद, कोकम आणि तिरफळ. तिरफळ म्हणजे मिरीहून थोडं मोठं, वाळून उकललेलं फळ. आतली काळी बी काढून टाकायची आणि वरची साल हलकी ठेचून रशात सोडायची. ती चावून खायची नाही, ताटाच्या कडेला ठेवायची. चुकून चावलं गेलं तर जिभेला मुंग्या येतात, मुलीला आधीच सांगून ठेवा. तेलकट माशाचा उग्रपणा तिरफळ कापून काढतं, म्हणून बांगडा, तारली, पेडवे यांनाच ते घालतात. सुंगटांच्या आमटीत कुणी घातलेलं मी पाहिलेलं नाही.

आणि शिरवाळे. त्यासाठी एखादी सकाळ राखून ठेवा, आदल्या दिवशी सांगा, आणि करताना स्वयंपाकघरात उभं राहायची परवानगी मागा. तांदळाच्या पिठाची उकड काढून मुठीएवढे गोळे वळतात, ते उकळत्या पाण्यात शिजवतात, आणि गरम असतानाच लाकडी साच्यात भरून दाबतात. थंड झाले की गोळा साच्यातून उतरत नाही, म्हणून सगळी घाई त्या पाच मिनिटांची. एक बाई साचा धरते, दुसरी सगळं अंग टाकून वरचा दांडा दाबते, आणि खालून पांढऱ्या शेवया केळीच्या पानावर गोल उतरत जातात. मी एका घरी पाहिलं, पंच्याहत्तरीच्या आजी दांडा दाबत होत्या आणि कॉलेजातली नात साचा धरून होती. नातीचा हात हलला की आजी नुसतं “धर” म्हणायच्या. खायचे ते नारळाच्या रसात. त्यात गूळ आणि वेलची असते. गरम शिरवाळे, गार रस. तुमच्या मुलीला दांडा दाबायला द्या, दोन गोळे तरी तिच्या हातून उतरू देत.

डिसेंबरात काय मिळणार नाही तेही सांगते. ओल्या काजूगरांची उसळ फेब्रुवारीनंतरची, आंबा-फणस त्याहून पुढचे. कुणी डिसेंबरात “ओल्या काजूची उसळ” देत असेल तर ते सुके काजू भिजवलेले असतात. काजू विकत घ्यायला मात्र हरकत नाही. वेंगुर्ल्याचं फळ संशोधन केंद्र 1957 पासूनचं. वेंगुर्ला-4, वेंगुर्ला-7 या काजूच्या जाती तिथेच निघाल्या आणि कोकणभर लागल्या. पण इथला काजू मार्च ते मेमध्ये येतो, आणि उरलेल्या वर्षात अनेक कारखान्यांत परदेशातून आलेली बीही फोडली जाते. म्हणून दुकानात विचारा: बी गावठी की बाहेरची? सांगणारे सांगतात. पिशवीवर 320 असा आकडा असेल तर त्याचा अर्थ एका पौंडात साधारण 300 ते 320 गर बसतात. 240 म्हणजे त्याहून मोठा गर. खायला 320 पुरे. साल असलेले भाजके काजू मिळाले तर तेच घ्या, चव त्यांना जास्त. कोकमाचं म्हणाल तर लालभडक सरबताच्या बाटलीपेक्षा आगळ घ्या. त्यात मीठ आणि कोकमाचा रस याशिवाय काही नसतं, आणि सोलकढी त्याचीच होते.

दुसऱ्या दिवशी पहाटे समुद्रावर जा. वेंगुर्ला, मोचेमाड, वायंगणी या पट्ट्यात अजून रापण, म्हणजे किनाऱ्यावरून ओढायचं मोठं जाळं, लागते. रोज नाही, समुद्राच्या मनावर. यजमानांना रात्रीच विचारा. होडी जाळं घेऊन अर्धगोल मारत आत जाते आणि लांबवर परत किनाऱ्याला लागते. जाळ्याची दोन टोकं दोन टोळ्या धरतात आणि तोंड समुद्राकडे करून, वाळूत टाचा रोवत ओढत मागे सरकतात. तासभर तर काहीच दिसत नाही, नुसता दोर. मग दोन टोळ्या एकमेकींकडे सरकायला लागतात, वर घारी जमतात, आणि शेवटच्या वीस-पंचवीस फुटांत पाणी एकदम उकळल्यासारखं दिसतं. जाळ्याचा खोळ वाळूवर आला की आत तारल्या, बांगडे, एखादा खेकडा, कधी नुसतीच जेली. मग तिथेच वाळूवर वाटे पडतात: होडीचा, जाळ्याचा, ओढणाऱ्या प्रत्येकाचा.

तुमच्या नवऱ्याला दोर ओढावासा वाटला तर विचारून हात लावा, बहुतेक हो म्हणतात. दोर ओलांडून इकडे-तिकडे जाऊ नका आणि मुलीला जाळ्याच्या दोन टोकांच्या मध्ये उभी राहू देऊ नका. जाळं रिकामं निघालं तर फोटो काढू नका. वीस-तीस माणसांची पहाट गेलेली असते. जाळं भरून आलं तर तिथूनच घ्या, पैसे देऊन घ्या. प्रेमानं कुणी चार तारल्या हातावर ठेवल्या तर त्याही घ्या, नाही म्हणू नका.

शिरोडा-रेडीच्या बाजूला अर्धा दिवस पुरतो. वाटेत मोचेमाडला उंचावरून खाली पाहा, खाडी, माड आणि समुद्र एका नजरेत येतात. गाडीतूनच दिसतं, सासूबाईंना उतरायला नको. पुढे आरवलीचा वेतोबा. पुरुषभर उंचीहून मोठी उभी मूर्ती, आणि तिच्यासमोर नवसाच्या प्रचंड चामडी वहाणा. वेतोबा रात्री गावाची राखण करत फिरतो अशी इथली श्रद्धा, म्हणून त्याला वहाणा वाहायच्या. त्या तळाशी झिजलेल्या दिसतात असं गावकरी सांगतात आणि दाखवतातही. जवळ जाऊन पाहा तरी: जाड चामड्याचे थर, त्यांवरची शिवण, अंगठ्याचा पट्टा, सगळं पायात घालायच्या वहाणेसारखंच नेटकं, फक्त माप देवाचं. ती शिवणाऱ्या चर्मकाराची कला पाहायला दुसरं संग्रहालय नको. केळ्यांचा घड हाही वेतोबाचा नैवेद्य, आवारात सहज मिळतो.

शिरोड्याची मिठागरं रस्त्यावरूनच दिसतात. 1930 च्या मे महिन्यात इथे मिठाचा सत्याग्रह झाला, महाराष्ट्रभरातून सत्याग्रही आले होते. डिसेंबरात मीठ पडलेलं नसतं, त्यासाठी उन्हाळा लागतो, पण खाडीचं पाणी अडवणारे बांध आणि वाफे दिसतात. मिठाच्या ढिगांचा फोटो हवा असेल तर परत मार्च-एप्रिलात यावं लागेल. वेळागरचा किनारा लांबरुंद आणि देखणा आहे, सुरूच्या सावलीत बसायला उत्तम, पण तिथे पाण्यात उतरू नका. ओढ फसवी आहे आणि माणसं बुडाली आहेत. पाय ओले करायचे तर गुडघ्याच्या खाली, आणि ओहोटी लागलेली असताना तेही नको. रेडीला गणपतीचं दर्शन घ्या. लोखंडाच्या खाणीत 1976 साली ही मूर्ती सापडली. वेळ असेल तर यशवंतगड, मात्र तिथे चढ आहे, सासूबाईंना देवळातच बसवा.

आता तुमच्या मुलीचा दिवस. मी तर म्हणेन सगळ्या सहलीतला हा सर्वांत मोलाचा दिवस, आणि त्यासाठी पूर्ण दिवस ठेवा. सकाळी सावंतवाडीचा राजवाडा, मोती तलावाच्या काठावर. तिथे गंजिफा रंगवतात. गंजिफा म्हणजे गोल पत्ते. दशावतारी संचात 120 पानं असतात: मत्स्यापासून कल्कीपर्यंत दहा अवतारांचे दहा रंग, प्रत्येक रंगात राजा, प्रधान आणि एक्का ते दहा अशी 12 पानं. एके काळी ही कला इथे जवळपास संपली होती, हाताच्या बोटांवर मोजावेत इतकेही कारागीर उरले नव्हते. सावंतवाडी संस्थानचे शिवरामराजे आणि राणी सत्त्वशीलादेवी भोसले यांनी ती उरलेल्या कारागिराकडून समजून घेतली, राजवाड्यात काम सुरू केलं आणि नव्या मुलामुलींना शिकवलं. आज जे दिसतं ते त्यांच्यामुळे.

रंगवणाऱ्यांच्या बाजूला शांतपणे पंधरा मिनिटं बसा. तळहातात मावेल एवढ्या वर्तुळात मत्स्यावताराचं पान चाललेलं असतं. आधी सपाट रंगाची जमीन, ती सुकली की आकृतीचे रंग, मग शेवटी रेघ. ती रेघ मारताना श्वास रोखलेला दिसतो. कोपर मांडीला टेकलेलं, हात हलतच नाही, पानच डाव्या हातानं हळू फिरवत नेतात. माझ्यासोबत आलेल्या एका मुलानं विचारलं होतं, चुकलं तर काय करता? त्या बाईंनी कुंचला खाली ठेवला, मागचं एक पान काढून त्याला दाखवलं आणि म्हणाल्या, हे चुकलेलं, शोध. त्याला सापडलं नाही. मग त्यांनी बोट ठेवलं: राजाच्या छत्रीची एक काडी शेजारच्या काडीहून जाड झाली होती. ते पान विक्रीला ठेवलं नव्हतं.

हातानं रंगवलेला पूर्ण संच काही हजारांचा असतो, आणि त्यामागचे दिवस मोजले तर ती किंमत योग्यच आहे. तेवढं जमणार नसेल तर सुटी पानं, भेटपत्रं मिळतात, ती घ्या. छापील संचही मिळतो. तो खेळायला घ्या, पण छापील आणि हाताचा यातला फरक मुलीला तिथेच दाखवा. राजवाडा कधी बंद असतो, काम कोणत्या वेळात चालतं, हे फोन करून विचारल्याशिवाय निघू नका. दुपारच्या जेवणाच्या वेळी गेलात तर रिकाम्या गाद्या पाहून परत याल.

तिथून चितारआळी. आळीत दोन्ही बाजूंना लाकडी खेळणी, पाट, चौरंग, भातुकली, पोळपाट आणि लाकडी फळं. फळं पांगाऱ्याच्या लाकडाची. पांगारा हलका, कोरायला मऊ, म्हणून केळं, सीताफळ, आंबा हातात घेतलं की वजन लागत नाही. आता तो पूर्वीसारखा सहज मिळत नाही, त्यामुळे खरी फळं महाग होत चालली आहेत. आळीतल्या सगळ्याच दुकानांतला सगळाच माल इथला नसतो. बाहेरून आलेलं खेळणं एकसारखं गुळगुळीत असतं आणि डझनानं मांडलेलं असतं. इथलं सीताफळ घ्या आणि शेजारचं दुसरं घ्या, डोळ्यांची मांडणी वेगळी असते. दुकानदाराला “हे तुमच्याकडे कोण करतं?” एवढंच विचारा. जो घरी करतो तो मागची खोली दाखवतो.

त्या मागच्या खोलीत गेलात की कशालाही हात लावू नका. एकदा मी 12 जणांना न कळवता एका कारागिराच्या घरी नेलं. कुणीतरी ओल्या रंगाची फळं उचलून पाहिली आणि नऊ फळांवर बोटांचे ठसे उमटले. ते गृहस्थ एक शब्द बोलले नाहीत, नुसती फळं बाजूला काढत राहिले. त्यांचं दोन दिवसांचं काम होतं. मी भरपाई दिली, पण तेव्हापासून एका वेळी पाचांहून जास्त माणसं मी कुणाच्या कामाच्या जागी नेत नाही, आणि आधी कळवल्याशिवाय तर नाहीच.

कुडाळजवळचं पिंगुळी यायच्या किंवा जायच्या दिवशी जमवा, स्टेशनच्या वाटेवरच आहे. ठाकर समाजाच्या चित्रकथीचं हे गाव. रामायण-महाभारतातल्या एकेका आख्यानाची चित्रांची पोथी असते. एक माणूस चित्रं एकामागून एक समोर धरतो आणि गात, बोलत गोष्ट सांगतो. त्याबरोबर कळसूत्री बाहुल्या आणि पडद्यामागून खेळवायच्या चामड्याच्या बाहुल्या. परशुराम गंगावणे यांनी आपल्या गोठ्याचं संग्रहालय केलं, त्यांना 2021 साली पद्मश्री जाहीर झाली, आणि त्यांच्या घरातली पुढची पिढी हेच काम करते. आधी कळवलंत तर छोटा प्रयोगही दाखवतात, त्याचं मानधन आधीच ठरवा आणि त्यात कमी-जास्त करू नका. मुलीची चित्रवही इथे बरोबर हवीच. चित्रकथीतले डोळे पाहायला सांगा तिला. चेहरा बाजूनं काढलेला असला तरी डोळा समोरून पाहतो तसा पूर्ण, टपोरा. एकदा ते दिसलं की ती तासभर उठणार नाही.

बांबूच्या वस्तूंसाठी वेगळं कुठे जायची गरज नाही. आठवडी बाजारात सूप, रोवळी, टोपल्या घेऊन विणणारेच बसलेले असतात. तुमच्या मुक्कामात कुठल्या गावचा बाजार येतो ते यजमानांना विचारा. रोवळी घ्या, तांदूळ धुवायला आयुष्यभर पुरते. काथ्याच्या पायपुसण्या आणि दोऱ्या वेंगुर्ल्यातच मिळतात, इथे बायकांनी सहकारी तत्त्वावर काथ्याचं काम उभं केलं आहे.

डिसेंबर म्हणजे जत्रांचे दिवस. कार्तिकापासून गावोगावच्या देवळांत जत्रा लागतात आणि रात्री दशावतार होतो. तो एक प्रयोग पाहिल्याशिवाय परत जाऊ नका. मध्यरात्री पालखी फिरून झाली की देवळासमोर बाकड्यावर एक नट, बाजूला पेटी, पखवाज आणि झांज. पडदा नाही, लिहिलेली संहिता नाही. संवाद उभ्या उभ्या सुचतात. आधी गणपती, सरस्वती, संकासुर येतात आणि मग आख्यान लागतं. बायकांची कामंही पुरुषच करतात, आणि शालू नेसून बसलेली राणी बोलायला लागली की ते विसरायला होतं. मोचेमाडकर, वालावलकर, पार्सेकर यांच्यासारख्या जुन्या मंडळांपैकी कुणी जवळपास असेल तर झोप मोडून जा. सासूबाईंना प्लास्टिकची खुर्ची कुणीही आणून देतं. शाल मात्र न्या, पहाटे दव पडतं. संपूर्ण रात्र जमणार नसेल तर नट रंगत असताना जा. आरशाचा तुकडा मांडीवर ठेवून स्वतःचा चेहरा स्वतः रंगवत असतात.

निवती आणि खवणे यांसाठी एक सकाळ पुरे. खवण्याला खाडी, खारफुटी आणि छोटा किनारा. निवतीला किल्ल्याच्या टेकडीवरून दूर समुद्रात वेंगुर्ल्याचे खडक दिसतात. त्या खडकांवरच्या गुहांत पाकोळ्यांची मोठी वसाहत आहे. तिथवर बोटीनं नेतो म्हणणारे भेटतात, पण सासूबाईंना घेऊन नको, आणि पक्ष्यांच्या घरट्यांपर्यंत तर कुणीच जाऊ नये. वेगळा वेळ काढून धामापूरचा तलाव पाहा. 16 व्या शतकात बांधलेला, अजून शेतीला पाणी देणारा. घाटाच्या पायऱ्यांवर बसून पलीकडच्या डोंगरातली झाडी पाण्यात बघत राहा. वायंगणीला कासवांची पिल्लं समुद्रात जाताना पाहायची असतील तर मात्र डिसेंबर लवकर होतो, ते दृश्य फेब्रुवारी-मार्चचं.

पैसे रोख थोडे जास्त ठेवा. बाजारात मोबाइलवरून चालतं, पण निवती-खवण्याकडे रेंज जाते. गाडी दिवसाच्या हिशेबानं गावातल्याच माणसाची घ्या. कुठल्या देवळात आज जत्रा आहे, कुणाकडे रापण लागली, हे त्यालाच पहिल्यांदा कळतं.

आणि परतीच्या पिशवीत एक घट्ट झाकणाचा डबा रिकामा ठेवा. जत्रेतलं खाजं, बेसनाच्या काड्यांवर गूळ-आल्याचा जाड थर असलेलं, कागदाच्या पुडीत गाडीत घेतलंत तर ठाण्यापर्यंत मऊ पडतं.